स्टेप-डाऊन म्हणून विकलेला डबा

माझा दादा बोटीवर असतो. गेल्या वर्षी कोबेला बोट लागली तेव्हा त्याने तिथे एक जुना जपानी ॲम्प्लिफायर घेतला आणि सुट्टीवर येताना वेंगुर्ल्याला घेऊन आला. बाबांना नाट्यगीतांचं वेड. त्यांच्यासाठीच एवढं ओझं त्याने आणलं. मागच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेलं: 100 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ, 190 वॅट. परदेशी विक्रीच्या काही मॉडेलांना मागे व्होल्टेज बदलायचा खटका असतो. हे मशीन जपानातच विकायला केलेलं, त्यामुळे याला तो नव्हता.

आपल्याकडे 230 व्होल्ट. थेट लावायचं नाही हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मी जिल्ह्यातल्या एका मोठ्या बाजारपेठेत जाऊन स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर मागितला. दुकानदाराने काळा पत्र्याचा डबा काढला. वर '1000 वॅट' असा स्टिकर. हातात घेतला तर चांगला जड. त्याने तो लावला, पिनांना मीटर टेकवला आणि म्हणाला, "बघा ताई, बरोब्बर शंभर." 3,200 रुपये मी फोनवरून भरले. बिल मागितलं तर एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना शिक्का.

चतुर्थीला आठ दिवस होते. डबा लावल्यावर भुंग्यासारखा घूं घूं आवाज यायचा, आणि गाण्यामागेही तीच घरघर ऐकू यायची. मी दुकानात फोन केला. "ट्रान्सफॉर्मर म्हटला की गुणगुणणारच," असं उत्तर मिळालं. तिसऱ्या संध्याकाळी बाबा आरामखुर्चीत ऐकत बसले होते. फट्ट असा आवाज झाला, ॲम्प्लिफायरच्या जाळीतून पांढरा धूर आला आणि घरभर आंबूस, जळका वास पसरला. बाबांनी स्वतः उठून बटण बंद केलं. ते काहीच बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी आधी डबा उघडला. चार स्क्रू काढले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, ह्येच्यात ट्रान्सफॉर्मर खंय आसा?" आत काडेपेटीएवढी एक सर्किटची पट्टी, ॲल्युमिनियमच्या तुकड्याला कसलेला एक ट्रायॅक (वीज झटपट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग), आणि तळाला चिकटवलेली सिमेंटची लादी. वजन त्या लादीचं होतं.

पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये असतो तोच हा प्रकार, फक्त मोठा. व्होल्टेजची लाट तो खाली आणत नाही, प्रत्येक लाटेचा पुढचा भाग कापून टाकतो. इस्त्री किंवा हीटरला ते चालून जातं. पण साधा मीटर गुळगुळीत लाट गृहीत धरून सरासरीवरून आकडा दाखवतो. अशा कापलेल्या लाटेवर तो 100 दाखवतो तेव्हा खरं व्होल्टेज दीडशेच्या घरात असतं आणि लाटेचं टोक 320 च्या आसपास. खऱ्या 100 व्होल्टचं टोक 141 असतं. ॲम्प्लिफायरमधले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर त्या टोकाच्या प्रमाणात चार्ज होतात, म्हणजे दुपटीहून जास्त ताण. आमचे दोन्ही कपॅसिटर डोक्यावर फुगून फुटले होते आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळाले होते.

म्हणून कोकणात जे कोणी बोटीवरून किंवा परदेशातून असं मशीन आणतात त्यांना कळकळीने सांगते, नुसतं वजन आणि दुकानातला मीटर यांवर विश्वास ठेवू नका. झाकण उघडून लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि तांब्याची गुंडाळी दाखवा म्हणा. दाखवायला नकार दिला तर तिथून निघा. काकांनी आता माझ्यासाठी 500 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॅटच), दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला आहे. मशीनच्या मागच्या पट्टीवरच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमता घ्या, असं त्यांचं म्हणणं. एकाच गुंडाळीचा ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्याच्या खालच्या भागातली तार तुटली तर पूर्ण 230 व्होल्ट मशीनवर येऊ शकतात.

रेकॉर्ड प्लेअर आणणाऱ्यांसाठी आणखी एक. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. जपानात पूर्वेला 50 आणि पश्चिमेला, म्हणजे कोबे-ओसाकाकडे, 60 हर्ट्झ. तिकडच्या 60 हर्ट्झच्या सिंक्रोनस मोटरची (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) तबकडी इथे मिनिटाला 33⅓ ऐवजी जेमतेम अठ्ठावीस फेरे घेते आणि गाणं खाली उतरतं.

दुकानदार आता म्हणतो, तो डबा आमचा नव्हेच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. पक्कं बिल नाही, पण पैसे गेल्याची नोंद फोनमध्ये आहे आणि डबा उघडतानाचे फोटो काकांनी काढून ठेवलेत. सिमेंटची लादी मी कापडात बांधून कपाटात ठेवली आहे.