लेअर क्रंबल : परसातल्या कोंबड्यांसाठी कितपत कामाचं?

अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य तीन रूपांत मिळतं : मॅश म्हणजे भरडा, पेलेट म्हणजे दाबलेल्या कांड्या, आणि त्याच कांड्या फोडून केलेलं क्रंबल. घरी चार-सहा कोंबड्या असतील तर क्रंबल घ्या. मॅशमध्ये कोंबडी निवडानिवड करते. मक्याचे जाड तुकडे आधी टिपते आणि तळाशी भुगा उरतो. जीवनसत्त्वं, खनिजं, मिथिओनिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) नेमकी त्या भुग्यात असतात, आणि बहुतेक जण त्याच्यावरच नवं खाद्य ओततात. क्रंबलच्या प्रत्येक कणात सगळं एकत्र दाबलेलं असल्यामुळे वेचायला वावच राहत नाही. पेलेटही तितकंच चांगलं, शिवाय सांडतं कमी. पण लहान चणीच्या जातींना कांडी मोठी पडते.

लेबलवर प्रथिनं १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम ३.५ ते ४.५ टक्के हवं. मध्यम बांध्याची कोंबडी दिवसाला साधारण ११५ ग्रॅम खाते. प्रथिनं १७ आणि कॅल्शियम ३.८ टक्के धरलं, तर तिच्या पोटात साडेएकोणीस ग्रॅम प्रथिनं आणि सव्वाचार ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि खाल्लेल्यापैकी निम्मंच अंगी लागतं. म्हणजे हिशोब जेमतेम बसतो.

तो बिघडवतो आपणच, प्रेमाने टाकलेल्या मूठभर मक्याने. ३० ग्रॅम मका खाल्ला की कोंबडी तेवढं क्रंबल कमी खाते. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के आणि कॅल्शियम नावापुरतं. दिवसाची प्रथिनं १७ ग्रॅमवर येतात, कॅल्शियम सव्वातीनवर. कवचाची तूट मग हाडांतून भरली जाते. अंडी पातळ कवचाची येऊ लागली, की लोक खाद्याला नावं ठेवतात. आधी दाण्याचा डबा तपासावा. दाणे, भाजी, घरातलं उरलंसुरलं सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे कोंबडीमागे दहा-बारा ग्रॅम. तेही संध्याकाळी, क्रंबल पोटभर खाऊन झाल्यावर. कच्ची कोरडी कडधान्यं, अॅव्होकाडो, हिरवट पडलेल्या बटाट्याची सालं आणि खारट पदार्थ अजिबात नकोत.

या खाद्यात एक उणीवही आहे. यात कॅल्शियमसाठी घातलेली चुनखडी बहुधा बारीक दळलेली असते आणि ती चटकन विरघळून पुढे जाते. कवच मात्र मुख्यतः रात्री बनतं, कोंबडी काहीच खात नसते तेव्हा. म्हणून दोन ते चार मिलिमीटरचा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवायचा. तो पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतो. खाद्यात मिसळू नका : जिला गरज आहे ती बरोबर खाते, अंडी न देणारीला तो कशाला? ग्रिट ही वेगळी वस्तू. ते न विरघळणारे दगडाचे खडे, दाणा दळायला लागणारे. नुसतं क्रंबल खाणारीला त्यांची गरज नाही, पण दाणे किंवा गवत मिळत असेल तर ठेवावेत. शिंपले ग्रिटचं काम करत नाहीत.

अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना हे खाद्य घालू नये. जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढत्या वयाचं खाद्य, चालू ठेवा आणि मग सात दिवसांत थोडं थोडं बदला. कळपात लहान-मोठ्या एकत्र असतील, तर सगळ्यांना ग्रोअर आणि बाजूला शिंपले, ही सोय उत्तम.

फीडरची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा. खाली ठेवला तर ती खाद्य उधळते. पाणी खाद्याच्या दुप्पट लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पाणी आटलं की खाणं थांबतं आणि दुसऱ्या दिवशी अंडी घटतात, खाद्य कितीही चांगलं असो. क्रंबल भिजवून दिलं तर आवडीने खातात, मात्र काही तासांत संपेल इतकंच भिजवा. आंबूस वास आला की फेकून द्या.

गोणीचा आकार कोंबड्या मोजून ठरवा. सहा कोंबड्या २५ किलो पाच आठवड्यांत संपवतात. तिघींना तीच गोणी दहा आठवडे पुरते, तोवर जीवनसत्त्वं उतरतात आणि दमट हवेत बुरशीही धरते. त्यांच्यासाठी दहा किलोची घ्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि विकत घेताना उत्पादनाची तारीख ताजी आहे ना ते बघा. गुठळ्या झालेलं किंवा कुबट वासाचं खाद्य वाळवून वापरू नका : बुरशी दिसेनाशी झाली तरी तिचं विष राहतंच.