आबांच्या एकसष्टीला बोर्डो: गोट्यांची घ्यावी की चिकणमातीची?

मामेभावाचा मेसेज आला, पुढच्या महिन्यात कामासाठी पॅरिसला येतोय, परत जाताना आबांच्या एकसष्टीला बोर्डोची (फ्रान्समधला वाईनचा प्रदेश) एक चांगली रेड वाईन न्यायचीय, बजेट चाळीस युरो, मेडॉक घेऊ का पोमरोल साइडची (हे बोर्डोतलेच दोन भाग), एका ओळीत सांग. एका ओळीत सांगितलंही असतं, पण आबा गेली चाळीस वर्षं निफाडला द्राक्षं करतायत, बाटली हातात पडली की त्यांचा पहिला प्रश्न "जमीन कशी आहे रे तिकडं?" हाच असणार आणि तिथं हा गडी गडबडणार. म्हणून त्याच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

तसं बोर्डो हे नाव आपल्या घरात वाईनच्या कितीतरी आधी फवारणीच्या पंपातून आलंय. मोरचूद आणि चुना, बुरशीवरचं बोर्डो मिश्रण. ते जन्मलं ते ह्याच मेडॉकात, सँ ज्युलियाँ नावाच्या गावच्या बागांत. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे म्हणून मालक लोक त्यांच्यावर निळसर काहीतरी शिंपडून ठेवायचे, आणि १८८२ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या प्रोफेसरांच्या लक्षात आलं की सगळीकडे डाउनी (बुरशीचा रोग) आलाय पण ह्या शिंपडलेल्या ओळी मात्र हिरव्यागार. १८८५ मध्ये त्यांनी ते छापलं. आबांना हे नक्की सांग, वाईन आवडो न आवडो हा किस्सा त्यांना आवडणार.

आता माती. वाईनवाले लोक "ह्या वाईनमध्ये दगडाची चव येते" वगैरे बोलतात ना, ते सोडून दे. दगड काही मुळातून वर चढून बाटलीत येत नाही. माती मुख्यतः दोन गोष्टी ठरवते, वेलीला पाणी कधी आणि किती मिळणार, आणि मुळांपाशी ऊब किती राहणार. बोर्डोच्याच जेरार सेगँ नावाच्या संशोधकाने मेडॉकच्या जमिनींवर काम करून हे दाखवून दिलं, की भारी वाईन देणाऱ्या जमिनी रासायनिकदृष्ट्या एकमेकींपेक्षा बऱ्याच वेगळ्या असू शकतात पण पाण्याचा निचरा आणि पुरवठा त्यांच्यात बरोबर जमलेला असतो. आपल्याकडे मण्यात पाणी उतरायच्या वेळी किती पाणी द्यायचं हे आबा ठिबकचा कॉक फिरवून ठरवतात. बोर्डोत अपेलेशनच्या (लेबलवर ठरावीक भागाचं नाव लावायला नियम पाळणाऱ्या) बागेत असं पाणी देत बसायची सोय जवळपास नाहीच, त्यामुळे तिथं कॉक मातीच्या हातात. म्हणून तिकडे लोक मातीबद्दल इतके वेडे.

नदीच्या डाव्या किनाऱ्यावरचा मेडॉक म्हणजे गोट्यांचा देश. जिरोंद खाडीच्या कडेकडेने लांब पट्टा आहे, गारोन नदीने लाखो वर्षांत वाहून आणलेले गोल गोटे, रेती, खाली कुठेकुठे चिकणमाती. तिथल्या पोयाक गावी मी गेलो होतो सप्टेंबरात, संध्याकाळचे सात वाजले असतील, रस्त्याच्या कडेला बसून एक गोटा उचलला, लिंबाएवढा, पांढरट, आणि तो अजून कोमट होता, चुलीवरून काढून ठेवलेल्या भांड्यासारखा. तिथले उंचवटे बघून हसू येतं, टेकडी म्हणायची म्हणून टेकडी, पोयाकचा सगळ्यात उंच भाग तीसेक मीटर, पण तेवढ्या चढानेच पाणी निघून जातं. त्यातही सतराव्या शतकात डच लोकांनी चर काढून दलदल आटवली तेव्हा कुठे हा भाग नीट लागवडीला आला. आपल्या भाषेत ही हलकी, मुरमाड जमीन. मुळं खोल जातात, दोन-तीन मीटर सहज, पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही, उन्हाळ्यात वेलीला आपोआप ताण बसतो, शेंडा वेळेवर थांबतो, मणी बारीक राहतो. बारीक मणी म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रेड वाईनचा रंग न् तुरटपणा मुख्यतः सालीत.

ह्या जमिनीत कॅबर्ने सॉव्हिन्यों चालते कारण ती उशिरा पिकणारी जात, तिला ही ऊब लागतेच. तीच थंड ओल्या मातीत लावली की नीट पिकत नाही आणि वाईनला ढोबळी मिरचीचा वास मारतो, हिरवा. पिकली तर मात्र काय वाईन होते, ब्लॅककरंट नावाच्या काळ्या फळासारखी, ताठ, तुरट, दहा-पंधरा वर्षं सहज टिकणारी. शातो लातूर (नाही, आपल्या लातूरचा काही संबंध नाही) हे ह्याचं टोकाचं उदाहरण, खाडीकडेचा ४७ हेक्टरचा एक सलग तुकडा, गोटे वर आणि खाली चिकणमाती, आणि मुख्य वाईनमध्ये बहुतेक वर्षी नव्वद टक्क्यांच्या आसपास कॅबर्ने सॉव्हिन्यों. सँ ज्युलियाँत एका इस्टेटीचं तर नावच द्युक्रू-बोकायू, बोकायू म्हणजे सुंदर गोटे. जमिनीतले दगड वेचून बांधावर टाकण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या आबांना हे नाव ऐकवच.

उजवीकडे, दोर्दोन्य नदीच्या पलीकडे, पोमरोल आणि सँत एमिलियों. पोमरोल लहानसं आहे, सगळं मिळून आठशे हेक्टर. इथली सगळ्यात गाजलेली बाग पेत्रुस, साडेअकरा हेक्टर, साधं घर, कंपाउंडसुद्धा असं काही नाही, माहीत नसेल तर गाडी पुढे निघून जाईल. खाली निळसर चिकणमाती. आणि इथे मला खरी गंमत वाटली, ह्या चिकणमातीत फुगणारं जे खनिज आहे, स्मेक्टाइट, तेच कुळ आपल्या काळ्या मातीतलं! पावसात फुगणारी, बुटाला दोन-दोन किलो चिकटणारी, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, तीच सवय. मी पावसानंतर पोमरोलला बांधावरून चाललो आणि दहा पावलांत बूट जड झाले, एकदम निफाड.

मग प्रश्न असा की भारी जमिनीत तर आपला शेंडाच थांबत नाही, नुसता पाला माजतो, तिथं जगातली एवढी महाग वाईन कशी होते? तर एक म्हणजे ती बाग पठाराच्या माथ्यावर आहे, चाळीस मीटरवर. पाऊस आला की चिकणमाती फुगून बंद होते आणि जास्तीचं पाणी वरच्या वर उतारावरून निघून जातं. दुसरं, ही माती इतकी घट्ट की मुळं फार खोल जातच नाहीत, आणि आत धरलेलं पाणी ती वेलीला सहजासहजी सोडत नाही, कंजूष सावकारासारखी थोडंथोडं देते. म्हणजे ताण बसतो पण वेल तहानेने मरत नाही. माती थंड, म्हणून तिथं लवकर पिकणारी मर्लो, पेत्रुसमध्ये आता निव्वळ मर्लोच. वाईन गोल, गुबगुबीत, तुरटपणा आहे पण मखमली. पेत्रुसची बाटली हजारो युरोंची, ती आपण काचेतूनच बघायची.

सँत एमिलियोंचा चुनखडीचा भाग थोडक्यात सांगतो कारण चाळीस युरोत त्यातलं नावाजलेलं काही मिळत नाही. चुनखडी स्पंजसारखी ओल धरते आणि हळूहळू वर देते, वाईनला एक ताजेपणा, आंबटसर धार असते. ओझोन ही तिथली नावाजलेली इस्टेट. झालं.

पण एकाच इस्टेटीत दोन्ही बघायचं असेल तर शेव्हाल ब्लां. सँत एमिलियोंत पण पोमरोलच्या अगदी बांधाला लागून, ३९ हेक्टर, काही प्लॉट गोट्यांचे, काही चिकणमातीचे, थोडे वाळूचे. एकाच मालकाची, एकाच हवामानातली बाग, तरी प्लॉटप्रमाणे वाईन वेगळी येते, म्हणून २०११ च्या नव्या सेलरमध्ये त्यांनी ५२ टाक्या बसवल्या, प्रत्येक प्लॉट वेगळा आंबवायचा आणि मग चाखून मिसळायचा. बागेत निम्म्याच्या आसपास कॅबर्ने फ्रां (ही पण द्राक्षाची एक जात), बाकी मुख्यतः मर्लो. मातीने काय फरक पडतो असं विचारणाऱ्याला मी हेच उदाहरण देतो, बाकी सगळं सारखं असताना पडतो म्हणून.

लेबलवरचं वर्ष पण बघ. कोरड्या कडक वर्षात गोट्यांच्या जमिनीतल्या वेली, विशेषतः तरुण, जास्त तहानतात आणि चिकणमाती वाचवते. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत मेडॉकातच सँत एस्टेफने बाजी मारली कारण तिथं गोट्यांखाली चिकणमाती जास्त. उलट ओल्या वर्षात निचरा होणारे गोटे बरे. आणि पाऊस कधी पडला हेही असतं, १९९८ ला मर्लो तोडून झाली न् मग पाऊस आला म्हणून उजवा किनारा जिंकला, १९९६ ला शेवटपर्यंत ऊन पडलं म्हणून उशिरा पिकणारी कॅबर्ने, म्हणजे डावा किनारा. सोसायटीच्या ओट्यावर बसून तोडणी आधी की अवकाळी आधी याच्यावर चालणारी चर्चा, अगदी तीच.

बरं, आता तुझी बाटली. चाळीस युरोत मेडॉकचा चांगला क्रू बुर्ज्वा (बड्या इस्टेटींच्या खालचा दर्जा) मिळेल, सँत एस्टेफचाही मिळेल, आणि १८५५ च्या यादीतलं, म्हणजे बड्या इस्टेटींच्या जुन्या प्रतवारीतलं, मोठं नाव मात्र विसर. उजवीकडे त्याच पैशात पोमरोल साधारण मिळेल, पण मी पोमरोल ह्या शब्दासाठी पैसे देणार नाही, शेजारच्या लालांद-द-पोमरोलची किंवा फ्रोंसाकची पंचवीस-तीस युरोची बाटली चाळीस युरोतल्या नावापुरत्या पोमरोलपेक्षा बरेचदा सरस निघते. मी एकदा इथल्या एका दुकानात विचारलं, आजच प्यायचीय, तिखट मटण आहे, तर त्याने दोन वर्षांची पोयाक हातात टेकवली. तुरटपणा, अल्कोहोल आणि आपलं तिखट, तोंडात नुसती आग, पाहुण्यांनी अर्धा-अर्धा ग्लास टेबलावरच ठेवून दिला. वाईन वाईट नव्हती, ती दहा वर्षं लवकर उघडली होती.

एकसष्टीलाच फोडायची असेल तर डोळे झाकून उजवा किनारा, मर्लोवाली, चार-पाच वर्षं जुनी. पंच्याहत्तरीसाठी ठेवायची असती तर मी मेडॉक म्हटलं असतं, पण ठेवणार कुठं? निफाडची थंडी पेपरात येते, एप्रिलमधला माळा येत नाही. तिथं एका उन्हाळ्यात ती उकळेल आणि चाळीस युरो पाण्यात. फ्रिजात खालच्या कप्प्यात ठेव, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढ, आणि त्या दिवशी रश्श्यात मिरची जरा हात आखडून टाकायला मामींना सांग.

कस्टमला दोन लिटरपर्यंत चालतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात येतात. दुसरी वीस युरोची मेडॉक घे, दोन्ही शेजारी शेजारी उघड, आणि कुठली कुठल्या जमिनीची हे सांगू नकोस. आबा ओळखतात का बघ आणि मला फोन कर.