फिक्स्ड बेस की सॉइल स्प्रिंग? पुनर्विकासातल्या सोसायटीने कोणता हिशेब मागावा

कमिटीपुढे दोन आरसीसी कन्सल्टंटचे प्रस्ताव आहेत. पहिला म्हणतो, इमारतीचा तळ पक्का बांधलेला आहे असं धरून (म्हणजे फिक्स्ड बेस) भूकंपाचा हिशेब करू. दुसरा म्हणतो, पायाखालची माती मॉडेलमध्ये स्प्रिंग म्हणून घालू, कारण भूकंपात इमारत एकटी हलत नाही, माती आणि पाया तिच्यासोबत हलतात. दुसऱ्याची फी जास्त आहे. घ्यायचा कोणता?

याचं उत्तर तुमच्या प्लॉटखाली काय आहे यावर ठरतं. ठाण्यात घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट असेल, तर बहुतेक ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. तिथे पहिला प्रस्ताव बिनधास्त घ्या. आयएस 1893 या भूकंपाच्या हिशेबाच्या भारतीय कोडच्या 2016 च्या आवृत्तीतही, कमी खोलीवर खडक असेल तर माती आणि इमारतीची ही देवाणघेवाण हिशेबात न धरण्याची मुभा आहे. वाचलेले पैसे साइटवर सळ्यांभोवतीच्या रिंगांची अंतरं आणि कॉलम-बीमचे जोड तपासणाऱ्या माणसावर खर्च करा. अपवाद उताराचा. अर्धी इमारत कापलेल्या कातळावर आणि अर्धी भरावावर येत असेल, किंवा जुनी दगडखाण बुजवून प्लॉट केलेला असेल, तर डोंगरालगत आहे एवढ्यावर विसंबू नका. एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल असली की इमारत धक्क्यात पिळली जाते.

खाडीकाठी गोष्ट वेगळी. नवी मुंबईतल्या खाडीलगतच्या प्लॉटवर बोअरिंग चालू असेल तेव्हा एकदा जाऊन उभे राहा. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडत असतो आणि नळी जमिनीत 30 सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ते मोजलं जातं. हाच रिपोर्टातला एन आकडा. वरचा भराव संपून गाळ लागला की दोन-तीन ठोक्यांत नळी सरकते, कधी तर सळ्यांच्या वजनानेच खाली जाते. वर येतो काळसर, चिकट, शिंपल्यांचे तुकडे असलेला गाळ. मग मुरूम लागतो, आकडा एकदम चढतो, आणि पेटीत दगडाचे गाभे दिसू लागतात. मऊ थर आणि त्याला लागून एकदम कठीण थर, ही जोडी भूकंपात त्रासाची आहे. खडकातून आलेली लाट गाळात शिरली की तिचा जोर वाढतो आणि ती आतल्या आत फिरत राहते.

थोडे आकडे बघू. स्टिल्ट अधिक सात मजले, उंची 24 मीटर, रुंदी 16 मीटर अशी भिंतींनी भरलेली इमारत घ्या. कोडच्या सूत्राने तिचा एका झोक्याचा वेळ 0.54 सेकंद येतो. गाळ 12 मीटर जाड आणि त्यातून जाणाऱ्या भूकंपाच्या आडव्या लाटेचा वेग सेकंदाला 100 मीटर धरला, तर त्या थराचा स्वतःचा झोका 0.48 सेकंदाचा. म्हणजे दोघांचे झोके जवळपास जुळतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. 19 सप्टेंबर 1985 ला मेक्सिको सिटीत हेच झालं. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं, पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर. त्या गाळाचा झोका काही भागात दोन सेकंदांच्या आसपास होता, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना सगळ्यात जास्त फटका बसला. बुटक्या जुन्या इमारती बऱ्याच टिकल्या. आपल्याकडे गाळ पातळ असेल तिथे फटका मधल्या उंचीच्या इमारतींकडे सरकतो. उंच टॉवर त्यातून काहीसा सुटतो.

आता दोन्ही मॉडेल शेजारी ठेवू. स्प्रिंग घातल्या की वरच्या इमारतीचा झोका 0.54 वरून समजा 0.65 सेकंदांवर जाईल. झोक्याच्या वेळेवरून बल काढायच्या कोडमधल्या आलेखाची रेघ मऊ मातीसाठी 0.67 सेकंदांपर्यंत सपाट आहे, त्यामुळे बल तेवढंच राहतं. हलणं मात्र वाढतं. मजल्यामजल्यामधला सरकाव मजल्याच्या उंचीच्या 0.004 पटीच्या आत ठेवायचा असतो, आणि फिक्स्ड बेसमध्ये पास झालेली इमारत इथे नापास होऊ शकते. शेजारच्या विंगमधली फटही कमी पडू शकते. उंच टॉवरचा झोका सूत्राने समजा 1.46 सेकंद आला आणि स्प्रिंगमुळे तो 1.7 सेकंदांवर गेला तर कागदावर बल साधारण 15 टक्क्यांनी उतरतं. पण कोड सूत्राच्या वेळेवरून काढलेल्या बलाखाली उतरू देत नाही, आकडे परत वर ओढावे लागतात. म्हणून ‘स्प्रिंग घालून स्टील वाचवतो’ असं कुणी सांगितलं तर सही करण्याआधी हे ओढणं केलेलं दाखवा म्हणावं.

पाइल, म्हणजे पायाखाली खोलवर घातलेला काँक्रीटचा खांब, कातळात गेली म्हणजे इमारत कातळावर आली, हे मी अनेक मीटिंगांत ऐकलं आहे. वजनापुरतं ते खरं. आडवा धक्का मात्र पाइलला तिच्या सगळ्या लांबीभर गाळातून बसतो, आणि गाळ संपून कातळ सुरू होतो त्या सांध्यावर ती जोरात वाकते. फिक्स्ड बेसच्या मॉडेलमध्ये पाइल नसतेच, त्यामुळे हे वाकणं वेगळं तपासावं लागतं. पाइलचं स्टील फक्त वरच्या काही मीटरांत देऊन खाली कमी केलेलं असेल, तर नेमक्या या सांध्यापाशी काय दिलं आहे ते विचारा.

माझा कौल असा. खाडीकाठी, गाळ आठ-दहा मीटरच्या पुढे असेल तर दोन्ही मॉडेल करून घ्या: बलं फिक्स्ड बेसमधून, हलणं स्प्रिंगमधून, आणि डिझाइन दोन्हींतल्या मोठ्या आकड्यावर. मात्र गाळाचा स्वतःचा झोका स्प्रिंग मॉडेलमधून कळत नाही. त्यासाठी बोअरमध्ये लाटेचा वेग मोजून जागेचा वेगळा अभ्यास लागतो. पैसे एकाच कामापुरते असतील तर मधल्या उंचीच्या इमारतीसाठी मी आधी हा अभ्यास करून घेईन, स्प्रिंग नंतर. टॉवर असेल तर आधी स्प्रिंग, कारण तिथे सरकाव आणि कलणं जास्त त्रास देतं. आणि दोन्ही कन्सल्टंटना, किंमत बोलण्याआधी, तुमच्या प्लॉटच्या बोअर लॉगवर (बोअरिंगमध्ये किती खोलीवर काय लागलं त्याची नोंद) बोट ठेवून गाळ कुठे संपतो ते दाखवायला सांगा.