स्किम रबर: स्वस्त माल, पण मात्रा जपून

लॅटेक्स (रबराच्या झाडाचा चीक) सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून, काढलं की एका तोंडातून सुमारे 60 टक्के रबर असलेली साय मिळते आणि दुसऱ्या तोंडातून पातळ, दुधाळ पाणी, म्हणजे स्किम. त्या पाण्यात चार ते आठ टक्के रबर उरलेलं असतं. ते गंधकाम्ल घालून साकळवायचं, धुवायचं, क्रेप किंवा चुरा करून वाळवायचं, की झालं स्किम रबर. बाजारात ते नेहमीच्या ब्लॉक रबरापेक्षा (दाबून ठोकळे केलेल्या नैसर्गिक रबरापेक्षा) स्वस्त मिळतं आणि दिसायलाही बऱ्याचदा अधिक स्वच्छ असतं. सेंट्रिफ्यूजमध्ये जड कचरा आधीच वेगळा पडतो, त्यामुळे घाणीच्या चाचणीत हा माल सहसा सहज पास होतो. खरेदी खातं बहुधा तेवढ्यावरच खूश होतं. खरी गोम नायट्रोजनमध्ये आहे.

सायीत मोठे कण जातात, स्किममध्ये बारीक. बारीक कणांना पृष्ठभाग जास्त, म्हणून त्यांच्याबरोबर प्रथिनंही जास्त येतात, आणि आम्ल घातल्यावर सिरममधली (कण ज्यात तरंगतात त्या पाण्यातली) प्रथिनंही रबराबरोबरच साकळतात. साध्या रबरात नायट्रोजन साधारण 0.3 ते 0.5 टक्के असतो, स्किममध्ये दीड ते अडीच टक्के सहज सापडतो. नायट्रोजनला 6.25 ने गुणलं की प्रथिनांचा अंदाज येतो. म्हणजे 2 टक्के नायट्रोजनच्या मालात साडेबारा टक्के प्रथिनं आहेत. तेवढा भाग रबर नाही, पण पैसे रबराचे मोजले जातात. साध्या रबरात खरा रबर हायड्रोकार्बन 93–94 टक्के असतो, या मालात तो 85 च्या आसपास येतो. म्हणून दरातला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर हा सौदाच नाही. फरक त्यापुढे जाईल तेव्हाच पुढचा विचार करावा.

तांत्रिक प्रतीच्या ब्लॉक रबराच्या मानकांत नायट्रोजनची 0.6 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, ती मुख्यतः स्किमची भेसळ रोखण्यासाठी. हिशोब करून बघा: 0.4 टक्के नायट्रोजनच्या 90 भाग रबरात 2 टक्क्यांचं 10 भाग स्किम घातलं तर मिश्रण 0.56 वर येतं आणि मर्यादेत बसतं. 85 भागांत 15 भाग घातले की 0.64 होतं आणि बाहेर पडतं. म्हणजे दहा टक्क्यांपर्यंतचं स्किम कुणी ब्लॉकमध्ये गुपचूप मिसळलं तर फक्त नायट्रोजनच्या आकड्यावरून ते पकडणं अवघड आहे. नेहमीच्या ब्लॉकचं कंपाउंड (रबर आणि रसायनांचं मिश्रण) अचानक लवकर शिजू लागलं तर आधी नायट्रोजन मोजणारी केल्डाल चाचणी करून घ्यावी, मग मिक्सिंगची रोलर-मिल चालवणाऱ्याला बोल लावावा.

आता वापरातली वागणूक. प्रथिनं आणि त्यांच्या विघटनातून आलेली अमाइनसारखी द्रव्यं क्युअरला (उष्णतेत गंधकाने रबर पक्कं होण्याला) वेग देतात. त्यातून लॅटेक्स टिकवायला टीएमटीडी आणि झिंक ऑक्साइड वापरलेलं असेल तर त्याचा अंशही स्किममध्ये उतरतो, आणि टीएमटीडी हा स्वतःच जलद अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे क्युअर वाढवणारं रसायन, आहे. परिणाम एकच: स्कॉर्च, म्हणजे आकार देण्याआधीच क्युअर सुरू होणं, लवकर. मिलवर शीट खरखरीत निघते, एक्स्ट्रूडरच्या डायवर गाठी येतात, मोल्डच्या कोपऱ्यात माल पोचायच्या आधीच घट्ट होतो.

उलट बाजूही आहे. साकळवताना आम्ल जास्त पडलं आणि धुणं कमी झालं तर तो माल क्युअर मंद करतो आणि उष्णतेत लवकर खचतो. लॅटेक्स टिकवायला घातलेला अमोनिया स्किममध्ये भरपूर असल्याने आम्लही भरपूर लागतं. म्हणून चांगले उत्पादक आधी हवा फुंकून अमोनिया काढतात आणि मगच आम्ल घालतात. एकाच विक्रेत्याचे दोन लॉट अशा रीतीने विरुद्ध दिशांना जाऊ शकतात, एक घाईचा, एक आळशी. या मालाचा सर्वांत मोठा दोष आम्ही हाच मानतो. प्रथिनांची भरपाई रेसिपीत करता येते, लॉटागणिक बदलणाऱ्या स्वभावाची करता येत नाही. लॉट आला की एका ठराविक साध्या रेसिपीवर रिओमीटर (क्युअर मोजणारं यंत्र) 150 अंश सेल्सिअसला चालवायचा, टीएस2 (क्युअर सुरू होण्याची वेळ) आणि टी90 (ते 90 टक्के होण्याची वेळ) बघायचे आणि मागच्या लॉटशी ताडायचे. फरक मोठा असेल तर दोन-तीन लॉट एकत्र मिसळून वापरावेत.

सुरुवातीची रेसिपी म्हणून हे प्रमाण धरावं (सगळं शंभर भाग रबराला): ब्लॉक रबर 85, स्किम 15, झिंक ऑक्साइड 5, स्टिअरिक आम्ल 2, कार्बन ब्लॅक एन330 40 ते 42, प्रोसेस ऑइल 5, अँटिऑक्सिडंट 1, गंधक 2.25, सीबीएस (अ‍ॅक्सिलरेटर) 0.6, पीव्हीआय (स्कॉर्च लांबवणारं रसायन) 0.15. स्किमशिवाय हीच रेसिपी असती तर सीबीएस 0.8 घेतलं असतं आणि ब्लॅक 45. प्रथिनं थोडी फिलरसारखी वागतात, मॉड्युलस (ताणायला लागणारं बळ) आणि कडकपणा वाढवतात. ब्लॅक न घटवता स्किम घातलं की हार्डनेस दोन-तीन अंकांनी वर जातो आणि माल कमी ताणला जातो. टीएमटीडीचा किकर (वेग वाढवायला घातलेली थोडी मात्रा) रेसिपीत असेल तर तो आधी काढा. सीबीएस हे सल्फेनामाइड घराण्यातलं, उशिरा जागं होणारं अ‍ॅक्सिलरेटर आहे, इथे तेच हवं.

मिक्सिंगमध्ये क्रम महत्त्वाचा. ब्लॉक रबर आधी मॅस्टिकेट करून (मळून मऊ करून) त्याचा मूनी (घट्टपणाचा आकडा) स्किमच्या जवळ आणावा, मग स्किम घालावं. दोघांच्या मूनीत मोठी दरी असली तर मऊ रबर मिलवर बँड धरतं (रोलरला पट्ट्यासारखं गुंडाळतं) आणि कडक तुकडे तसेच फिरत राहतात. मूनी विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावरचा धरू नये, साठवणुकीत नैसर्गिक रबर कडक होत जातं, म्हणून आल्यावर मोजावा. गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर शेवटी, माल थंड करून, मिलवर, कंपाउंड 100 अंशांच्या आत ठेवून. शीट पूर्ण थंड झाल्याशिवाय थप्पी लावायची नाही, कारण थप्पीच्या मधल्या शीटची उष्णता बाहेर निघत नाही. एक्स्ट्रूजनचं कंपाउंड असेल तर मूनी स्कॉर्च 120 अंशांवर बघा. टी5 (त्या चाचणीत घट्टपणा 5 अंकांनी वाढायला लागणारा वेळ) दहा मिनिटांच्या खाली असेल तर पीव्हीआय 0.05 ने वाढवा किंवा स्किम कमी करा. पीव्हीआय 0.3 च्या पुढे न्यायची वेळ आली तर तो लॉट त्या कामाचा नाही.

दुसरी नेहमीची तक्रार ओलाव्याची. प्रथिनं पाणी धरून ठेवतात, म्हणून स्किम वाळायला वेळ लागतो आणि वाळलेला मालही हवेतला दमटपणा ओढतो. बेल (रबराचा गठ्ठा) मधोमध कापून बघावी: आत पांढरे ठिपके किंवा चिकट, फिकट गाभा असेल तर ती बेल परत पाठवावी. बाष्पशील पदार्थाची मर्यादा साध्या ब्लॉकला 0.8 टक्के असते. स्किमसाठीही तीच मागावी, विक्रेता कुरकुरेल, पण मागावी. ओल राहिलेल्या मालाने जाड मोल्डेड वस्तूत वाफेचे फुगे येतात आणि आतली सच्छिद्रता कापल्यावरच दिसते. बुरशीही याच ओलाव्यावर येते. जमिनीपासून उंच, कोरड्या जागी पॅलेटवर ठेवावं, जुना माल आधी वापरावा.

वासाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. साकळलेला गोळा वाळवण्याआधी ओला पडून राहिला असेल तर कुजका वास येतो, आणि गरम प्रेसमध्ये तो आणखी उठतो. तयार मालातही तो काही प्रमाणात राहतो. घरात वापरायच्या चटईसाठी असा लॉट घेऊ नये.

व्हल्कनायझेटचं, म्हणजे क्युअर झालेल्या तयार रबराचं, काय? ताणशक्ती साध्या रबराच्या जवळ राहते, विशेषतः ब्लॅक भरलेल्या कंपाउंडात. तोटा दिसतो तो वारंवार दाब-ताण सोसणाऱ्या कामात: उष्णता जास्त निर्माण होते, कॉम्प्रेशन सेट (दाब काढल्यावर उरणारा चपटेपणा) आणि ताण-शिथिलता वाढते, पाणी शोषणही वाढतं. म्हणून इंजिन माउंट, पुलाचे बेअरिंग, पाण्याखालचे सील, ट्रक टायरचा ट्रेड आणि वीजवाहक तारांचं इन्सुलेशन यांत स्किमला जागा नाही. त्वचेशी सतत संबंध येणाऱ्या वस्तूंतही नको, लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीमागे प्रथिनंच असतात. चपलांचे सोल, मायक्रोसेल्युलर (बारीक हवेच्या पेशींची, फुगवलेली) शीट, मॅट, साधे होजपाइपचे आवरण, वाहनातली गतिहीन पॅडिंग अशा कामांत 10 ते 20 भाग बिनधास्त चालतात. मायक्रोसेल्युलरमध्ये क्युअर आणि फुगण्याचा वेग जुळवावा लागतो. स्किममुळे क्युअर पुढे पळालं तर पेशी फुगायच्या आधीच बंद होतात आणि शीट जड निघते.

काही उत्पादक स्किमवर साकळवण्याआधी पपेनसारखं प्रथिनभंजक एन्झाइम वापरतात आणि नंतर नीट धुतात. असा माल महाग असतो, पण त्याचा नायट्रोजन खाली येतो आणि स्कॉर्चची धास्तीही कमी होते. एकाच मशीनवर बऱ्याच प्रकारचे कंपाउंड चालवणाऱ्याला हाच घ्यायला सांगू. साध्या स्किमची स्वस्ताई त्याला खराब बॅचमध्ये परवडत नाही.

खरेदी करताना लॉटवार नायट्रोजन, बाष्पशील पदार्थ, राख, पो (सुरुवातीची प्लॅस्टिसिटी) आणि पीआरआय (तापवल्यावर ती किती टिकते याचा निर्देशांक) लेखी मागा, आणि लॅटेक्स कशाने टिकवलं होतं, टीएमटीडी वापरलं होतं की फक्त अमोनिया, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्याकडून नमुन्यापुरती एकच बेल घ्यावी.