रंग नवा, इंजिन जुनेच : पिकअप दुरुस्तीत झालेली फसवणूक

जुना पिकअप घरातल्या सगळ्यांनी मिळून पुन्हा रस्त्यावर आणायचा, या छंदातील बहुतेक काम घरी होऊ शकते. हौद्याचा गंज खरवडणे, कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे, वायरिंग बदलणे, ब्रेकचे सिलिंडर आणि होज बदलणे यासाठी चिकाटी आणि साधी हत्यारे पुरतात. मात्र सिलिंडर बोअर करणे (आतून कापून थोडे मोठे करणे), क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करणे म्हणजे घासून गुळगुळीत करणे आणि हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा, तळ सपाट करून घेणे या कामांना मोठी यंत्रे लागतात, त्यामुळे तेवढ्यापुरते इंजिन घराबाहेर जाते आणि परत येते तेव्हा ते पूर्ण जोडून बंद केलेले असते. आत काय केले आहे हे बाहेरून दिसत नाही. आमची फसवणूक नेमकी याच टप्प्यावर झाली. ज्या पद्धतीने ती झाली ती इतकी सरावाची होती, की आमच्या आधी आणि आमच्या नंतरही तिचा वापर झाला असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचा पिकअप बॉडीपासून वेगळ्या चासीचा, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा आहे. पत्रा आणि गंज मुलाने आणि मी वाटून घेतला, वायरिंग पत्नीने केले आणि इंजिनाची सगळी नोंद मुलीने ठेवली. इंजिन काढण्यापूर्वी तिने प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजून वहीत लिहिले : ११०, ११५, ८० आणि ८५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). कारखान्याच्या पुस्तिकेत या इंजिनासाठी १४० च्या आसपासचा आकडा दिलेला आहे, आणि सिलिंडरांमधला फरक साधारणपणे दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा लागतो. शेवटच्या दोन सिलिंडरांत प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडे बरेच वर गेले. ऑईलमुळे दाब वाढतो तेव्हा गळती रिंगांच्या, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या, बाजूने आहे असे समजतात. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट खराब असते तर एवढा फरक पडला नसता. रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत आणि इंजिन उघडावे लागणार हे यावरून दिसत होते. माझ्या वडिलांनी त्याच वेळी ब्लॉक, क्रँकचे पुढचे टोक, हेड आणि कार्ब्युरेटर यांवर सहज न दिसेल अशा ठिकाणी पंचाने बारीक ठिपके मारून ठेवले. त्यांच्या काळातील ही सवय पुढे आमच्या फार उपयोगी पडली.

ज्या वर्कशॉपला काम दिले त्याच्या मालकाने रीतसर लेखी अंदाज दिला. सिलिंडर ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढे मोठे) बोअर करणे, त्याच मापाचे पिस्टन आणि रिंगा बसवणे, क्रँक ०.२५ मिलिमीटर ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगे घालणे, व्हॉल्व्ह आणि सीट नव्याने बसवणे, अशी सर्व कामे त्यात स्वतंत्रपणे लिहिली होती. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले आणि प्रत्येक टप्प्यावर त्याने फोटो पाठवले. एका फोटोत होनिंग केलेले (बोअरनंतर बारीक दगडाने आतून घासलेले) सिलिंडर होते, त्यांच्या भिंतींवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी स्वच्छ दिसत होती. दुसऱ्यात चकाकणारा क्रँक होता. फोटो खरेच चांगल्या कामाचे होते. फक्त ते आमच्या इंजिनाचे नव्हते. एकाही फोटोत इंजिन नंबर येणार नाही अशाच कोनातून ते काढलेले होते, आणि पुढे बारकाईने पाहिल्यावर त्यातील ब्लॉकच्या बाजूच्या कोअर प्लगांची (भोके बुजवणाऱ्या गोल चकत्यांची) जागासुद्धा आमच्या ब्लॉकशी जुळत नसल्याचे दिसले.

इंजिन परत आले तेव्हा रंग उत्तम होता. हेडच्या आणि खालच्या ऑईल चेंबरच्या काही बोल्टांवर लाल सील लावलेले होते आणि ते तुटल्यास वॉरंटी संपेल अशी ताकीद पावतीवर छापलेली होती. इंजिन सुरू झाले, थंड असताना ऑईलचा दाबही चांगला दाखवला. गरम झाल्यावर मात्र आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू असताना, दाबाचा काटा खाली बसू लागला आणि एक्झॉस्टमधून निळसर धूर येतच राहिला. मालकाला कळवल्यावर त्याने सांगितले, “रिंगा बसेपर्यंत धूर येतोच. अजून थोडी चालवा, घाई करू नका.” या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि तेच त्याचे बळ आहे. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी जुळेपर्यंत थोडे ऑईल जळू शकते, पण तो काळ लवकर सरतो आणि धूर उत्तरोत्तर कमी होतो. आमचा धूर कमी होत नव्हता, तरीही त्याचे उत्तर प्रत्येक वेळी तेच असे. वॉरंटीची मुदत तेवढ्यात संपावी असाच तो हिशेब होता.

मुलीने पुन्हा कॉम्प्रेशन मोजले. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, पहिल्या वेळी जशी पद्धत होती तशीच. आकडे जवळजवळ पूर्वीचेच आले. नव्या पिस्टन-रिंगांच्या इंजिनात जुने आकडे जसेच्या तसे येणे शक्य नाही. सील न तोडता पुढे काही करता येत नव्हते, म्हणून आम्ही प्रथम मालकाला लेखी कळवले आणि मग दुसऱ्या एका अनुभवी मिस्त्रींच्या समोर, प्रत्येक पायरीचे चित्रण करत, इंजिन उघडले.

काढलेले ऑईल तार धरण्याइतके दाट होते. घट्ट करणारे मिश्रण घातले की झिजलेल्या बेअरिंगांचा ठोका दबतो आणि थंड इंजिनात दाब बरा दिसतो, पण उष्णतेने ते पातळ झाले की खरी स्थिती समोर येते. हेड काढल्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेपाशी नखाला स्पष्ट अडणारी कड लागली. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत पोहोचतात तिथपर्यंत भिंत झिजते आणि वरचा पट्टा मूळ मापाचा उरतो, म्हणून ही कड तयार होते. ०.५० मिलिमीटर बोअर केल्यानंतर ती उरूच शकत नाही. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडल्यावर खाली ‘एसटीडी’ असा मूळ मापाचा ठसा निघाला. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांच्या पाठीवरही तोच ठसा होता, आणि त्यांच्या वरचा मऊ थर इतका गेला होता की आतले तांबे उघडे पडले होते. पावतीवर लिहिल्याप्रमाणे क्रँक ग्राइंड झाला असता तर तिथे ०.२५ चा ठसा दिसला असता. वरची रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) तिच्या टोकांमधील फट मोजली, ती एक मिलिमीटरहून जास्त भरली. या मापाच्या सिलिंडरला ती त्याच्या निम्म्याहूनही कमी असायला हवी.

थोडक्यात, हेड आणि चेंबरची गॅस्केटे, दाट ऑईल आणि रंग, एवढेच नवे होते. रंगसुद्धा काही कोपऱ्यांत जुन्या ग्रीसवरच मारला होता. ब्लॉक आणि क्रँकवर वडिलांचे ठिपके जागेवर होते, त्यामुळे हे आमचेच इंजिन आहे, मधल्या काळात कोणी बदलले नाही, हे निर्विवाद ठरले. कार्ब्युरेटरवर मात्र ठिपका नव्हता. आमचा मूळ, चांगल्या स्थितीतला कार्ब्युरेटर काढून घेऊन त्याच्या जागी त्याच जातीचा, पण स्पिंडल (आतली झडप फिरवणारा दांडा) ढिला झालेला दुसरा बसवला होता. जुन्या गाड्यांचे मूळ सुटे भाग दुर्मीळ असतात आणि त्यांना मागणी असते, त्यामुळे ही अदलाबदल होत राहते आणि बहुतेकांना ती कळतही नाही.

मालकाने आधी सील तोडल्याचे कारण पुढे केले, मग काम बाहेरून करून घेतल्याचे सांगून दोष तिसऱ्याच माणसावर टाकला. आमच्याकडे आधीचे आणि नंतरचे आकडे, चित्रण आणि दुसऱ्या मिस्त्रींनी मायक्रोमीटरने घेतलेल्या मापांचा सही केलेला कागद होता. लेखी नोटीस दिल्यावर त्याने रकमेचा काही भाग परत केला. उरलेली रक्कम आणि कार्ब्युरेटर अद्याप मिळालेला नाही.

पैशांपेक्षा मला अधिक लागली ती मुलांची निराशा. मुलाने सुट्टीच्या दिवसांत हौद्याचा पत्रा हाताने घासून त्यावर प्रायमर लावला होता, आणि इंजिन आले की गाडी बाहेर काढायची यासाठी तो दिवस मोजत होता. ज्या माणसाने त्याच्या समोर उभे राहून त्याला क्रँक कसा फिरतो ते कौतुकाने समजावले, त्यानेच त्या क्रँकला हातही लावला नव्हता, हे त्याला सांगणे मला फार जड गेले. छंदाच्या कामात लोक विश्वासाने आणि उत्साहाने येतात. त्या उत्साहाचा असा वापर करणारा माणूस पैशांच्या चोरापेक्षा मला अधिक दोषी वाटतो.

दुसऱ्या मिस्त्रींनी काम ज्या रीतीने केले, तीच रीत प्रत्येकाने मागून घ्यावी. त्यांनी ब्लॉक धुतल्यानंतर प्रत्येक सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली, आडवे आणि उभे घेऊन कागदावर लिहून दिले. नवे पिस्टन आधी आणून, ते मोजून, मग त्यांच्या मापाने बोअर केले. ब्लॉक अमर्याद वेळा बोअर करता येत नाही, भिंत पातळ होत जाते. म्हणून जेवढ्या मापात झीज निघते तेवढेच काढावे, असे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. होनिंग झाल्यावर, पिस्टन बसवण्यापूर्वी, त्यांनी आम्हाला बोलावले. इंजिन नंबर आणि सिलिंडर एकाच फोटोत येतील असे फोटो काढू दिले, नव्या बेअरिंगांच्या पाठीवरचे ठसे दाखवले आणि जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंगे एका खोक्यात घालून परत दिली. जुने भाग परत देण्यास जो कचरतो, त्याच्याकडे ते इंजिनाच्या आतच असण्याची शक्यता मोठी असते.

ज्यांचे इंजिन या क्षणी एखाद्या वर्कशॉपमध्ये आहे त्यांनी पुढचा हप्ता देण्यापूर्वी स्वतः जाऊन उघडा ब्लॉक पाहावा. सिलिंडरच्या वरच्या कडेवर नख फिरवायला काहीही साधन लागत नाही. पाहू देण्यास नकार मिळाला, तर इंजिन जोडून होण्याची वाट न बघता सुट्या अवस्थेतच परत मागावे, आणि नंबर व खुणा जुळवून सगळे भाग मोजून घ्यावेत.