५३ मिमी हेवी ड्युटी चॅनल: वर्कबेंचच्या जड ड्रॉवरला पुरतो का?

नागपूरच्या इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात ‘जड ड्रॉवरचा चॅनल’ मागितला की काउंटरवर बहुधा ४५ मिमीचा टेलिस्कोपिक चॅनलच येतो, म्हणजे ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना लागणारी, एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्यांची जोडी. कपाटाला, किचन ट्रॉलीला तो झकास. पण वर्कबेंचच्या खणात ग्राइंडर, ड्रिल मशीन, पान्यांचे संच, स्क्रूचे डबे आणि एखादा छोटा शेगडा (व्हाइस) पडला की ५०-६० किलो कधी भरतात ते कळतही नाही. ४५ वाल्यावर छापलेले असतात ३५ ते ४५ किलो आणि पत्रा असतो एक-सव्वा मिमीचा. थोड्याच दिवसांत ड्रॉवरचं तोंड खाली येतं आणि ओढताना खरखर सुरू होते.

अशा खणाला ५३ मिमी उंचीचा, १९ मिमी जाडीचा, साधारण २ मिमी पत्र्याचा चॅनलच हवा. तो १०० किलोच्या आसपासच्या वर्गात विकला जातो, पूर्ण बाहेर येतो, आणि नीट बसवला तर वर्षानुवर्षं त्रास देत नाही. त्याच्या वरचा ७६ मिमीचा, ५०० पौंडांच्या म्हणजे २२७ किलोंच्या वर्गातला. हिंगणा एमआयडीसीतल्या डाय-मोल्ड (धातूचे जड साचे) ठेवायच्या खणाला तो शोभतो. घरच्या किंवा छोट्या वर्कशॉपच्या बेंचला नाकापेक्षा मोती जड. एक सोय मात्र ध्यानात ठेवा: दोघांची जाडी बहुतेक सारखीच, १९.१ मिमी. ड्रॉवरच्या बाजू ८० मिमीपेक्षा उंच ठेवल्या तर उद्या वजन वाढल्यावर ड्रॉवर न कापता ७६ चा चॅनल चढवता येतो.

बॉक्सवरच्या किलोंचा अर्थ समजून घ्यावा. आकडा जोडीचा असतो, एका पट्टीचा नाही. तो उभ्या बसवलेल्या चॅनलचा आणि सगळीकडे सारख्या पसरलेल्या वजनाचा असतो. चॅनल ड्रॉवरच्या तळाखाली आडवा बसवला तर ताकद फारच घटते. त्यामुळे छापील आकड्याच्या पाऊणपटीपुढे न गेलेलं बरं.

चॅनलपेक्षा आधी हार मानतो तो स्क्रू. ६० किलोंचा, ६०० मिमी खोलीचा ड्रॉवर पूर्ण उघडला की दर बाजूला ३० किलो, तेही बेंचच्या तोंडापासून ३०० मिमी पुढे लोंबतात. पुढचा स्क्रू तोंडापासून ३५ मिमी आत आणि मागचा ५५० मिमीवर असेल, तर पुढच्यावर जवळपास ५० किलोंचा दाब येतो आणि मागचा सुमारे २० किलोंनी वर उचलला जातो. पाकिटात येणारे मऊ, बारीक स्क्रू या कामाचे नाहीत. ते सरळ भंगारात टाका. १८ मिमी प्लायच्या बाजूला पुढच्या आणि मागच्या भोकातून एम-५ बाय २५ चा बोल्ट आरपार घाला, बाहेरून वॉशर आणि नट. मधल्या भोकांना १० नंबरचे १६ मिमी स्क्रू चालतात, आधी ३ मिमीचं भोक पाडून. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डात तर आरपार बोल्टशिवाय हात घालूच नका.

बेंच लोखंडी चौकोनी पाइपचा असेल तर २ मिमी भिंतीत टॅप मारून भागत नाही, एम-५ चे जेमतेम अडीच आटे मिळतात. आतून ६ मिमीची पट्टी वेल्ड करा, ४.२ चं ड्रिल मारा आणि मग टॅप. बोल्टचं डोकं चपटं हवं. ते वर आलं तर मधली पट्टी त्याच्यावर अडते आणि माणूस उगाच चॅनलला दोष देतो.

आता माप. ४५ वाल्याला दर बाजूला चार सूत (अर्धा इंच) फट लागते, ५३ ला सहा सूत (पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी). मिस्त्रीच्या हाताला चार सुताची सवय असते, त्यामुळे ड्रॉवर कापण्याआधी चॅनल त्याच्या हातात द्या. आतलं माप ७०० मिमी असेल तर ड्रॉवर बाहेरून ७००–३८ म्हणजे ६६२ येतो, ६६१ करा. एक मिमी सैल असेल तर सनमायकाची पट्टी पॅकिंग म्हणून सरकवता येते. एक मिमी जास्त झाला तर रंधा मारत बसावं लागतं. बेंचचं आतलं माप पुढे आणि मागे दोन्हीकडे घ्या, फरक मिलिमीटरच्या आत हवा. ड्रॉवरचे दोन्ही कर्ण सारखे आले की काटकोन बरोबर.

लांबीतही एक खोच आहे. २४ इंची म्हणून मिळणारा चॅनल कधी ६०० मिमीचा असतो, कधी ६१० चा. बेंचची खोली जेमतेम असेल तर हे १० मिमी महागात पडतात. दुकानातच टेप लावा, जोडी पूर्ण ओढून बघा, टोक वर-खाली हलवून बघा. खडखड जाणवली तर दुसरी जोडी मागा.

बसवताना उंची पेन्सिलच्या रेघेवर सोडू नका. प्लायचे दोन सारखे तुकडे कापा, त्यांवर चॅनल टेकवा आणि तोंडापासून ३ मिमी आत ठेवून आधी लांबट भोकांत स्क्रू लावा, त्यांत चॅनल थोडा वर-खाली सरकवता येतो. मधली पट्टी थोडी थोडी ओढली की तिच्या भोकांतून मागचे स्क्रू दिसतात. इथे ४५ पेक्षा मोठा फरक येतो: बऱ्याच ५३ वाल्या जोड्यांत ड्रॉवरची पट्टी चॅनलपासून सुटी होत नाही. म्हणजे दोन्ही चॅनल बेंचला लावून, ओढून, रिकामा ड्रॉवर मधे ठोकळ्यांवर ठेवून आतून स्क्रू मारावे लागतात. एकट्याचं काम नाही. दहा-बारा वेळा उघड-बंद करून सुरळीत वाटलं की मगच गोल भोकं भरा.

बंद करताना शेवटच्या १०० मिमीत घट्ट होत असेल तर बेंच मागे अरुंद आहे. एका कोपऱ्याला धरून ओढल्यावर अडकत असेल तर रुंदी खोलीच्या मानाने जास्त झाली. ९०० मिमीचा एक खण करण्यापेक्षा दोन करा. वजन भरल्यावरच जड चालत असेल तर तळ बघा. १२ मिमीचा तळ मधे झोल खातो, बाजू आत ओढल्या जातात आणि चॅनल पिळतो. तळाखाली मधोमध एक आडवी पट्टी मारली की दुखणं जातं.

लॉकवाला, म्हणजे खण जागेवर अडकवून ठेवणारा प्रकार घ्यावा का? बेंचला चाकं असतील, किंवा जमीन उताराची असेल तर घ्या. नाहीतर दोन्ही बाजूंची खटकी एकदम दाबायला दोन्ही हात अडकतात आणि हातातला पाना ठेवायला जागा शोधावी लागते.

ज्यावर बॉक्स कधीच काही सांगत नाही ती गोष्ट म्हणजे बेंच पुढे उलटणं. ६० किलोंचा खण पूर्ण उघडला की ६०० खोलीचा बेंच स्वतः किमान ६० किलोंचा हवा, तोही पुढचे पाय तोंडाच्या रेषेत असतील तर. दोन खण एकदम उघडले की १२०. हलका बेंच भिंतीला अँकर बोल्टने बांधा आणि सर्वांत जड खण खाली ठेवा.

राहता राहिली देखभाल. लोखंडाचा कीस ग्रीसमध्ये बसला की गोळ्या खराब होतात, म्हणून ग्राइंडिंग करताना खण बंद ठेवा. जुनं इंजिन ऑइल ओतू नका. कपड्याने पुसून लिथियम ग्रीसचा पातळ हात पुरे. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बेंच नेमका कूलरसमोर असतो. चॅनलला जस्ताचा मुलामा असला तरी ओल्या हवेच्या झोतात त्यावर पांढरा थर धरतो, मग तांबेरा. कूलरचं तोंड जरा फिरवा, किंवा जूनमध्ये खण पूर्ण ओढून एकदा पुसून घ्या.