पोटातले जिवाणू, फ्रिजचं दार आणि डिचोलीची लाइट: चवथ ते शिगमो

परवा आमच्याकडे, गोव्यात डिचोलीला, सकाळी गेलेली लाइट रात्री जेवायच्या वेळेला आली. फ्रिजमधली प्रोबायोटिकची, म्हणजे औषध म्हणून गिळायच्या जिवंत जिवाणूंची, न उघडलेली डबी जिवंत आहे की मेली, हे मला कोणी सांगू शकलं नाही. त्या रागात लिहितोय.

अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्यांना, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण असलेल्यांना, औषध ओळखू येईल. आठ जातींच्या जिवाणूंचं मिश्रण, कॅप्सूलमागे ११२.५ अब्ज, २ ते ८ अंशांत ठेवायचं. पणजीच्या डॉक्टरांनी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मेसालामाइन या आतड्याची सूज उतरवणाऱ्या औषधाच्या जोडीला लिहून दिलं. आता शिगमोही (होळीचा सण) झाला.

पहिली तक्रार फ्रिजची, दुसरीही फ्रिजचीच. माल पणजीहून आणावा लागतो. पहिल्या खेपेला फार्मसीवाल्याने डबी कागदी पिशवीत सरकवली. बर्फ मागितला तर म्हणतो, "ताका कांयच जायना!" (त्याला काही होत नाही!) मग कदंबाच्या बसमध्ये उन्हाच्या बाजूची सीट आणि मांडीवर ते अब्जावधी जीव. पुढच्या वेळेपासून थर्मासचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या नेऊ लागलो. त्या पिशव्या फ्रीझरमध्ये बांगड्यांशेजारी असतात, त्यामुळे ऑफिसात माझ्या बॅगेजवळ कोणी बसत नाही. फ्रिजमध्ये थर्मामीटरही ठेवून पाहिला. दारातल्या कप्प्यात ११-१२ अंश, आणि मागच्या भिंतीला लागून, दह्याच्या भांड्यामागे, बरोबर ५. दारात ठेवत असाल तर आजच हलवा. दह्याची जागा गेली म्हणून बायको अजून धुसफुसते, ते वेगळं.

लाइटीच्या भानगडीनंतर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. बाई गोड बोलल्या, "थोडा वेळ बाहेर राहिलं तर चालतं सर." थोडा म्हणजे किती तास? आणि ईमेलवर तसं लिहून द्या म्हटल्यावर, "तशी सोय नाही." तोंडी चालतं, लेखी चालत नाही! लेबलवर ठळक छापलेली संख्याही उत्पादनाच्या वेळची. मी कॅप्सूल गिळतो त्या दिवशी त्यातले किती उरलेले असतात, याबद्दल डबी गप्प.

आता गुण. दिवाळीपर्यंत रक्त पडायचं थांबलं, सकाळची धावपळ कमी झाली. पण त्याच सुमारास मेसालामाइनचा डोसही वाढवला होता, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. या मिश्रणावर आपल्याच देशात चाचणी झाली आहे. २००९ साली प्रसिद्ध झाली, रुग्ण १४७. बाराव्या आठवड्याला आजार शमलेले जिवाणूवाल्या गटात ४२.९ टक्के, औषध नसलेल्या नुसत्या भुकटीवाल्या गटात १५.७. हे वाचून मी खूश झालो आणि मग डोस पाहिला. एका वेळी ३,६०० अब्ज, दिवसातून दोनदा. भागाकार करा: माझ्या कॅप्सूल एका वेळी ३२! मी सकाळ-संध्याकाळ एकेक घेतो. एका डबीच्या पैशात आमच्या घरची आठवड्याची मासळी येते, इसवणासकट (सुरमईसकट). आणि अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगून टाकलं की कोलायटिसला प्रोबायोटिक द्यायचं तर चाचणीपुरतंच द्या.

इथपर्यंत मी सगळ्या जिवाणूंवर काट मारायच्या बेतात होतो. मध्येच दाढ सुजली आणि अँटिबायोटिक आलं. त्यावर मला दर वेळी जुलाब ठरलेले. या वेळी डॉक्टरांनी सॅकॅरोमायसिस बुलार्डीची पाकिटं दिली. हे जिवाणू नव्हे, यीस्ट आहे, त्यामुळे जिवाणू मारणारं अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाही. फ्रिज लागत नाही, डिचोलीतच मिळतं, किंमत किरकोळ. आणि जुलाब झालेच नाहीत. एकदाही नाही! १९२० च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच माणसाला हे यीस्ट इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनवर सापडलं. तिथले लोक कॉलऱ्यात त्या फळांच्या सालींचा काढा पीत होते. मँगोस्टीन म्हणजे आपल्या भिरंडांच्याच (कोकमाच्या) कुळातलं झाड, त्यामुळे मला उगाच घरचं औषध वाटलं. मात्र प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी मनाने घेऊ नये, हे यीस्ट रक्तात उतरू शकतं.

म्हणून अँटिबायोटिकनंतर दिसेल ते प्रोबायोटिक घ्या असंही नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अकरा जातींचं मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू उलट उशिरा परतले. जात कोणती आणि आजार कोणता, तिथेच सगळं अडतं. "मग दही का खात नाहीस?" असं आई विचारते. खातो की, पण कोणत्या वाटीत कोण किती, याचा हिशेब दही देत नाही.

तूर्त यीस्टला पाचपैकी साडेचार. आठ जातींना अडीच, त्यातला अर्धा कॅप्सूल गिळायला सोपी आहे म्हणून. हातातली डबी संपवेन, कारण पैसे भरलेत. मे महिन्यात मात्र पणजीहून नवी आणणार नाही, मेसालामाइनवरच राहता येईल का हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणार आहे. डिचोली-साखळी भागात इन्व्हर्टरवर फ्रिज चालवणारी फार्मसी कोणाला माहीत असेल तर सांगा, तोपर्यंत बांगड्यांशेजारची जागा मोकळी करतोय.